पाटीच्या दगडातली इंग्लिश थडगी: ती टिकली कशी, आणि वाचायची कशी

प्रश्न थोडक्यात असा आहे. लेस्टरला नोकरीनिमित्त राहणारं एक मराठी कुटुंब सुट्टीच्या दिवशी आसपासच्या खेड्यांतून पायी भटकतं. नॉटिंगहॅमशायरच्या सीमेवरच्या एका चर्चच्या आवारात त्यांना १७२०-३० च्या सुमाराची काळपट, उभी थडगी दिसली. अक्षरं इतकी धारदार, की मागाहून कुणीतरी दगड बदलला असावा असं त्यांना वाटलं. शेजारीच १८८० च्या आसपासचा एक दगड होता, त्यावरचं नावसुद्धा लागत नव्हतं. हे असं उलटं का? पंखवाले चेहरे कोरले कुणी? शेवाळ घासून काढून फोटो घेतले तर चालतील का? आणि मुलीला दगडावर कागद धरून खडूने ठसे घ्यायचे आहेत, ते घेऊ द्यावेत का?

मी याच भागात दगडी स्मारकांच्या संवर्धनाचं आणि अक्षरं कोरण्याचं काम करते. शेवटच्या दोन प्रश्नांची उत्तरं आधी देते, कारण पुढच्या शनिवारी तुम्ही पुन्हा तिथे जाणार असाल. घासू नका आणि ठसेही घेऊ नका. या दगडांवर अजून छिन्नीचा मूळ घाव शाबूत आहे. अठराव्या शतकातल्या माणसाच्या हाताचा इतका थेट पुरावा इंग्लंडच्या खेड्यात दुसरीकडे सहसा मिळत नाही. एकदा तो पृष्ठभाग गेला की कुठल्याही तंत्राने परत आणता येत नाही.

आता दगडाबद्दल. तुम्ही पाहिलेले दगड मूळचेच आहेत, कुणी बदललेले नाहीत. ती स्लेट आहे, म्हणजे आपल्या शाळेतल्या पाटीचा दगड. आंध्रातल्या मार्कापूरच्या खाणींतून आपल्याकडे पाट्या येत, त्या ज्या जातीच्या दगडाच्या, त्याच जातीचा हा दगड, फक्त हाताच्या पंजाइतका जाड. पाटीवर वर्षानुवर्षं ओलं फडकं फिरवलं तरी ती विरघळत नाही की फुगत नाही. हा दगडही तसाच वागतो.

कारण त्याच्या घडणीत आहे. समुद्रतळाशी बारीक गाळ साठला, त्याचा दगड झाला आणि पुढे जमिनीच्या हालचालींत त्यावर प्रचंड दाब आला. त्या दाबाखाली गाळातली चिकणमातीची खनिजं अभ्रकासारख्या चपट्या, सूक्ष्म कणांत बदलली आणि सगळी एका दिशेला लवंडली. म्हणून स्लेट त्या दिशेने फाकते, तिचे पदर सुटतात. पण पदरांच्या आत कण इतके घट्ट बसलेले असतात की पाणी जवळपास शिरतच नाही. पाणी शिरलं नाही की थंडीत त्याचा बर्फ होऊन दगड उकलण्याची भीती उरत नाही.

चुनखडीच्या दगडाचं तसं नाही. लिंकनशायर, रटलंड, नॉर्थॅम्प्टनशायर या लेस्टरशायरच्या पूर्व आणि दक्षिण शेजारांकडे हाच दगड मुख्य. तो कोरायला लोण्यासारखा, रंग मधासारखा, पण मुळात तो कॅल्साइट. पावसाचं पाणी थोडं आम्लधर्मी असतंच, त्यात एकोणिसाव्या शतकापासून कोळशाच्या धुराची भर पडली, आणि अक्षरं हळूहळू विरघळत गेली. तुम्हाला न वाचता आलेला १८८० चा दगड चुनखडीचा असेल, वालुकाश्म असेल किंवा इटलीहून आलेला पांढरा संगमरवरही असेल. रेल्वे आल्यावर खेड्यापाड्यांत दूरदूरचे दगड पोचू लागले आणि लोकांनी ते हौसेने घेतले. संगमरवर तर इथल्या हवेत काही दशकांतच साखरेसारखा खरखरीत होतो. त्यावर बोट फिरवलं तर कण हाताला लागतात. (फिरवू मात्र नका.) म्हणजे आजोबांचा गावठी दगड उभा आहे आणि नातवाचा परदेशी दगड झिजून गेला, असं दृश्य या भागात तुम्हाला जागोजागी दिसेल.

याचा सगळ्यात ठसठशीत दाखला पाहायचा असेल तर लिंकनशायरमधल्या स्टॅमफर्डला जा. हे गाव अख्खं चुनखडीचं. तिथल्या सेंट मार्टिन्स चर्चच्या दफनभूमीत डॅनियल लँबर्टचं थडगं आहे. हा लेस्टरचा माणूस, तुरुंगाचा अधिकारी, आणि त्याच्या काळी इंग्लंडमधला सर्वांत वजनदार माणूस म्हणून देशभर गाजलेला. २१ जून १८०९ ला तो स्टॅमफर्डमध्ये वारला, वय ३९. लेस्टरच्या मित्रांनी त्याच्यासाठी लेस्टरकडच्या स्लेटचा दगड उभारला. त्याचं वजन ५२ स्टोन ११ पौंड, म्हणजे सुमारे ३३५ किलो, कमरेचा घेर ९ फूट ४ इंच, पायाचा ३ फूट १ इंच, हे सगळं त्यावर सुबक अक्षरांत लिहिलं आहे आणि आजही सहज वाचता येतं. त्याच आवारातले चुनखडीचे दगड पाहा, म्हणजे मी काय म्हणते ते एका नजरेत कळेल.

लेस्टरशायरच्या या दगडाला स्विदलँड स्लेट म्हणतात. लेस्टरच्या वायव्येला चार्नवुडचं रान आहे. त्यात स्विदलँड, वुडहाउस ईव्ह्ज, ग्रोबी या गावांभोवती याच्या खाणी होत्या. रोमन काळातही छपरांसाठी हा दगड काढत. थडग्यांसाठी त्याचा जोरदार वापर झाला तो सतराव्या शतकाच्या अखेरीपासून एकोणिसाव्याच्या मध्यापर्यंत. त्याआधी खेड्यातल्या सामान्य शेतकऱ्याच्या कबरीवर दगड नसेच. फार तर लाकडी फळी, नाहीतर नुसता मातीचा उंचवटा. जमीनदार आणि सरदार चर्चच्या आत, फरशीखाली किंवा भिंतीत. १६६० नंतर हळूहळू स्वतःची जमीन कसणारे शेतकरी, खाटीक, लोहार, गिरणीवाले यांच्या हातात चार पैसे खेळू लागले आणि आपल्याही माणसाचं नाव दगडावर असावं असं त्यांना वाटू लागलं. तुम्ही पाहिलेली थडगी या लोकांची आहेत. या दगडांवर माझा जीव आहे त्याचं हे एक मोठं कारण. राजेरजवाड्यांची स्मारकं सगळ्या देशात आहेत. पण तीनशे वर्षांपूर्वीच्या शेतकऱ्याच्या बायकोचं नाव, तिचं वय, तिच्या मुलांची संख्या, आणि ती ज्या गावात राहिली त्याच गावातल्या मातीत उभा असलेला दगड, हे सगळं एकत्र फार कमी ठिकाणी मिळतं.

स्विदलँडचा दगड ओळखायची सोपी खूण म्हणजे त्याची पाठ. हा दगड पातळ फाकत नाही. वेल्समधली स्लेट पानासारखी सुटते, ही जाड, वेडीवाकडी सुटते. म्हणून कारागीर फक्त पुढची बाजू घासून गुळगुळीत करत आणि पाठ खाणीतून निघाली तशी खडबडीत ठेवत. थडग्याच्या मागे जाऊन पाहा. पाठ उंचसखल असेल तर बहुधा स्विदलँड. पाठही सपाट, दगड पातळ, रंग निळसर किंवा जांभळट आणि एकसारखा असेल तर बहुधा वेल्स. स्विदलँडचा रंग राखाडी, त्यात हिरव्या किंवा जांभळ्या छटा. लफबरोपर्यंत १७७८ मध्ये आणि लेस्टरपर्यंत १७९४ मध्ये जलमार्ग पोचला आणि वेल्सचा हलका, स्वस्त दगड इकडे येऊ लागला. पुढे रेल्वेने उरलंसुरलं काम केलं. १८८७ च्या सुमाराला स्विदलँडच्या खाणी बंद पडल्या. आज त्या पाण्याने भरलेल्या आहेत आणि स्विदलँड वुड म्हणून त्या रानात लोक फिरायला जातात. १९२५ मध्ये लेस्टरच्या रोटरी क्लबने ते रान विकत घेऊन वाचवलं, नाहीतर तिथली झाडं आणि खाणी दोन्ही गेली असती.

या दगडाने भूगर्भशास्त्रज्ञांनाही धडा दिला, आणि तोही थडग्यांमधून. चार्नवुडचे खडक फार पुरातन, त्यात कॅम्ब्रियनपूर्व काळातले जगप्रसिद्ध जीवाश्म सापडलेले. स्विदलँड स्लेटही त्याच काळातली असं बराच काळ धरून चालले होते. पण खाणी पाण्याखाली गेलेल्या, उघडा खडक मोजका. मग घासून गुळगुळीत केलेले मोठे, स्वच्छ पृष्ठभाग पाहायचे कुठे? चर्चच्या आवारात. तिथल्या थडग्यांच्या दगडांत समुद्रतळाच्या चिखलात बिळं करणाऱ्या प्राण्यांच्या खुणा दिसल्या. १९९० च्या दशकात त्यावर शोधनिबंध आला आणि हा दगड कॅम्ब्रियन काळातला, पन्नास कोटी वर्षांहून जुना पण आधी समजत होते त्यापेक्षा तरुण, असं ठरलं. तेव्हा एखाद्या दगडावर अक्षरांच्या आडून वाकडी, पट्ट्यापट्ट्यांची रेघ गेलेली दिसली तर ती कारागिराची चूक आहे असं लगेच समजू नका.

आता ते पंखवाले चेहरे. इकडे त्यांना बीव्हर एंजल्स म्हणतात, कारण ते मुख्यतः व्हेल ऑफ बीव्हर या खोऱ्यात आणि त्याच्या कडेला आढळतात. लेस्टरशायर, नॉटिंगहॅमशायर आणि लिंकनशायर या तीन परगण्यांच्या सीमा इथे मिळतात. काळ साधारण १६९० ते १७६०. नॉटिंगहॅमशायरमधलं हिकलिंग हे त्यासाठी सर्वांत चांगलं गाव. अप्पर ब्रॉटन, नेदर ब्रॉटन, लाँग क्लॉसन, होज, स्टॅथर्न इथेही आहेत.

एखाद्या दगडासमोर उकिडवे बसा आणि वरपासून खाली नीट पाहा. माथ्यावर मधोमध एक गोल चेहरा. डोळे बदामी, पापण्यांची कड स्पष्ट, बाहुली बहुधा कोरलेली नाही, त्यामुळे नजर कुठेच नाही आणि तरी आपल्याकडेच असल्यासारखी वाटते. नाक म्हणजे भुवयांपासून निघालेल्या दोन सरळ रेषा. तोंड लहान, मिटलेलं. केस कपाळावर सारख्या वळणांनी बसवलेले. हनुवटीखाली झालरीची गळपट्टी असावी तसा नक्षीचा पट्टा, आणि तिच्या दोन्ही बाजूंना पंख, पिसांच्या ओळी एकाखाली एक. बाजूला कधी वाळूचं घड्याळ, कधी एकमेकांवर ठेवलेली दोन हाडं. एवढं सगळं कोरलंय, पण उठाव किती? काही मिलिमीटर. चेहऱ्याभोवतीची जमीन तेवढी खाली घेतलेली आहे. स्लेटमध्ये याहून खोल जाणं धोक्याचं असतं. छिन्नी पदराखाली गेली की अख्खी खपली उडते आणि महिन्याची मेहनत वाया जाते. म्हणून या कारागिरांनी खोली सोडून दिली आणि सगळी मदार रेषेवर ठेवली. हे चेहरे भोळे, गावठी दिसतात, पण त्यात अनाडीपणा नाही. दगड जेवढं देतो तेवढंच मागायचं ही समज त्यात आहे, आणि ती यायला उमर जाते.

तिथून जरा खाली, अक्षरांकडे या. ओळींच्या वर आणि खाली टोकदार लोखंडाने ओढलेल्या बारीक रेघा अजून दिसतील. कारागिराने ओळ सरळ यावी म्हणून आधी आखून घेतलेल्या या रेघा आहेत. चुनखडीवर त्या केव्हाच पुसल्या जातात, स्लेटवर तीनशे वर्षं राहतात. काही ठिकाणी एखादं अक्षर सुटलेलं असतं आणि ते वर लहान आकारात, खाली खूण करून घातलेलं असतं. कुठे ओळीत जागा संपली म्हणून आडनावाचा शेवट वरच्या रेघेत चढवलेला. दगड महाग, टाकून देणं परवडत नसे. अशी थडगी आढळली की मी तिथे बराच वेळ थांबते, कारण कोरणाऱ्याने काम करता करता काय विचार केला ते तिथे उघड दिसतं.

सुरुवातीच्या या चेहऱ्यांवर सह्या सहसा नाहीत. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात मात्र कारागीर दगडाच्या तळाशी, गवताच्या अगदी वर, बारीक अक्षरांत स्वतःचं नाव आणि गाव घालू लागले. स्विदलँडचं हाइंड घराणं, मेल्टन मोब्रेचा क्रिस्टफर स्टेव्हली, बिंगमचा टॉमस वुड, रॅडक्लिफ-ऑन-ट्रेंटचा जेम्स स्पॅरो ही नावं तुम्हाला पुन्हा पुन्हा भेटतील. गवत हळूच बाजूला करून पाहा. ही सही म्हणजे जाहिरातच होती. रविवारी सगळं गाव चर्चला येणार, शेजारच्या घरात मृत्यू झालेला असला तर तो माणूस पुढचा दगड कुणाकडून घ्यायचा ते तिथेच ठरवणार.

या पिढीच्या कामात चेहऱ्यांपेक्षा अक्षरांना मान आला. एकाच दगडावर उभी रोमन अक्षरं, तिरपी अक्षरं, जाड गॉथिक अक्षरं आणि लेखणीने काढल्यासारखे लांब फराटे, वेलांट्या, गाठी एकत्र नांदतात. हे सगळं सुलेखन शिकवणाऱ्या गुरूंच्या छापील कित्त्यांतून आलं. तेव्हा इंग्लंडमध्ये व्यापार वाढत होता, हिशेब आणि पत्रं सुंदर हातात लिहिणारे कारकून हवे होते, म्हणून अशा कित्त्यांना मोठी मागणी होती. खेड्यातल्या दगडफोड्याने ते घेतले आणि बोरूच्या रेषेची जाडी-बारीकी छिन्नीने दगडात उतरवली. हे किती अवघड आहे ते मी रोज अनुभवते. लेखणीचा फराटा हात एका झटक्यात मारतो. दगडात तोच फराटा शेकडो लहान टोल्यांनी पुढे न्यावा लागतो, आणि तरी पाहणाऱ्याला तो एका झटक्याचा वाटला पाहिजे.

इथेच एक मोठं नाव येतं. आज तुमच्या संगणकात बास्करव्हिल नावाचा टाइप आहे. तो बनवणारा जॉन बास्करव्हिल छपाईत उतरण्यापूर्वी बर्मिंगहॅममध्ये सुलेखन शिकवत असे आणि थडग्यांवर अक्षरं कोरत असे. दुकानासमोर लावण्यासाठी त्याने कोरलेली स्लेटची लहान पाटी बर्मिंगहॅमच्या ग्रंथालयात जपलेली आहे. थडग्यांचे दगड हव्या त्या वळणात कोरून मिळतील, असा तिच्यावरचा मजकूर, आणि तोच निरनिराळ्या वळणांत कोरून दाखवलेला. १७५७ मध्ये त्याने छापलेला रोमन कवी व्हर्जिलचा काव्यग्रंथ युरोपभर गाजला. त्या टाइपमधला जाड-बारीक रेषांचा स्वच्छ फरक पाहिला की स्लेटवर हात बसलेला माणूस मला त्यात दिसतो.

खोदलेल्या अक्षराचा छेद इंग्रजी व्हीसारखा असतो, दोन उतार तळाशी धारेवर मिळतात. उजेड एका उतारावर पडतो, दुसरा सावलीत राहतो, म्हणून अक्षर रंगाशिवाय वाचता येतं. शिवाय छिन्नीने ताजी झालेली स्लेट फिकट राखाडी दिसते आणि घासलेला पृष्ठभाग गडद. कित्येक दगडांवर मुळात रंग किंवा सोन्याचा वर्ख होता आणि त्याचे कण अक्षरांच्या तळाशी अजून चिकटलेले असतात. ब्रशने सगळ्यात आधी जातात ते हेच कण.

म्हणून वाचायचं ते उजेडाने. थडगी सहसा पूर्वेकडे किंवा पश्चिमेकडे तोंड करून असतात. सूर्य समोर असताना फोटो सपाट येतो, मागे गेला की दगड काळाठिक्कर. सूर्य दगडाच्या पृष्ठभागाला जवळपास समांतर सरकतो, म्हणजे दुपारी बाराच्या आगेमागे, तेव्हा अक्षरं उठून येतात. उन्हाळी वेळेत घड्याळ एक तास पुढे असतं, म्हणून एकच्या सुमाराला जा. ढग असतील किंवा झाडाची सावली असेल तर दोघं मिळून जा. एकाने साधा आरसा धरून ऊन बाजूने दगडावर सोडायचं, दुसऱ्याने फोटो घ्यायचा. तुमच्या मुलीला हे काम द्या, तिला ठशांपेक्षा जास्त मजा येईल. हिवाळ्यात चार वाजता अंधार होतो, तेव्हा बॅटरी दगडाच्या कडेला टेकवून तिरपा झोत टाकला तरी भागतं. कॅमेरा तिवईवर घट्ट ठेवायचा, बॅटरी फक्त फिरवायची, वेगवेगळ्या बाजूंनी फोटो घेत जायचं. नंतर असे फोटो संगणकावर जुळवून अभ्यासक उजेडाची दिशा हवी तशी फिरवतात आणि पुसट अक्षरंही वाचतात. त्यासाठीची साधनं मोफत मिळतात.

तारखा वाचताना एक काळजी घ्या. १७५२ पूर्वी इंग्लंडमध्ये कायदेशीर वर्ष २५ मार्चला सुरू होई. म्हणून दगडावर "फेब्रुवारी १७३०" लिहिलेलं असेल तर तो महिना डिसेंबर १७३० च्या नंतरचा आहे, आजच्या हिशेबाने १७३१ चा. काही कारागीर दोन्ही वर्षं तिरपी रेघ मारून घालत, १७२३/४ असं. वंशावळी लावणारे इथे हमखास घसरतात, आईचा मृत्यू मुलाच्या जन्माआधी येतो आणि मग दगडालाच खोटं ठरवलं जातं. तसंच शब्दाच्या मधला एस लांब, एफसारखा दिसतो, त्याने गोंधळू नका.

आता ठशांचं. कागद पसरून खडू घासताना दगडावर सारखा दाब पडतो. वरून घट्ट दिसणाऱ्या स्लेटचा वरचा पदर आतून सुटलेला असू शकतो, बाहेरून कळत नाही. बोटाच्या पेराने हलकेच टकटक केलं तर भरीव दगड खणखणतो आणि सुटलेला पदर पोकळ आवाज देतो. हा आवाज ओळखायला सराव लागतो, म्हणून तुम्ही तेही करू नका. तशा जागी खडूचा दाब पडला की चेहऱ्याची खपली हातात येते. पीठ चोळणं, दाढीचा फेस लावणं, पांढरा खडू भरणं हे प्रकारही बंद. पिठावर बुरशी पोसते, फेसातली रसायनं दगडात राहतात, खडूचे कण खाचेतून निघत नाहीत.

शेवाळ म्हणून तुम्ही जे पाहिलं त्यातलं बरंच दगडफूल असणार. आपल्या गोड्या मसाल्यात जातं, त्याच कुळातलं. ब्रिटनमध्ये दगडफुलाच्या सुमारे २,००० जाती आहेत आणि सखल इंग्लंडच्या चर्च-आवारांत त्यातल्या ७०० हून अधिक आढळल्या आहेत. काही जाती वर्षाला मिलिमीटरभरही वाढत नाहीत. म्हणजे तुमच्या तळहाताएवढा ठिपका कदाचित त्या दगडाइतकाच जुना. दगडफूल खरवडलं की त्याला चिकटलेला दगडाचा पृष्ठभागही सोबत येतो. पक्ष्यांची घाण चेहऱ्यावर वाळली असेल तर आम्ही साधं पाणी आणि मऊ नैसर्गिक केसांचा ब्रश वापरतो, फार झालं तर बांबूची पट्टी. तारेचा ब्रश, प्रेशर वॉशर, ब्लीच, आम्ल यांपैकी काहीही या दगडांजवळ आलेलं मला सहन होत नाही. सगळ्यात जास्त नासधूस मात्र साफसफाईच्या हौसेने होत नाही, ती होते गवत कापण्याच्या यंत्राने. नायलॉनची दोरी दर पंधरवड्याला दगडाच्या पायथ्याशी आपटते, आणि कारागिराची सही नेमकी तिथेच असते. गावातल्या स्वयंसेवकांशी ओळख झाली तर एवढंच सांगा की दगडाभोवतीचं वीतभर गवत हाताने कापा.

आणखी एक गोष्ट मला फार लागते. विसाव्या शतकात, विशेषतः साठ-सत्तरच्या दशकांत, गवत कापणं सोपं व्हावं म्हणून कित्येक आवारांतले दगड उपटून भिंतीला टेकवून ठेवले किंवा आडवे फरशीसारखे बसवले. आडव्या दगडावर पाणी साचतं, कडेच्या फटीतून पदरांत जातं, आणि मग स्लेटही हार मानते. उभी होती तेव्हा वरच्या कडेवरून पाणी निथळून जाई. शिवाय कुणाचा दगड कुठल्या कबरीवर होता हा संबंधच तुटला. या भागातल्या एका गावी मी चेहरे असलेले दगड सिमेंटमध्ये रोवलेले पाहिले. सिमेंट ताठ, ओल धरून ठेवणारं. दगड बरोबर त्या रेषेत तडकला होता. या थडग्यांचा मोठा भाग मुळात जमिनीतच गाडलेला असतो, तीच त्यांची पायाभरणी. पुन्हा बसवायची वेळ आली तर खड्डा खणून, खडी ठोकून, मातीतच बसवायची. दगड थोडा कलला म्हणून घाबरायचं कारण नाही. हलत असेल तरच काळजी करायची, आणि तो हलतो का हे ढकलून पाहायचं काम तुमचं नाही, कारण असा दगड दोनतीनशे किलोचा असू शकतो. मुलांना टेकू देऊ नका.

आता परवानगीचंही सांगते. चर्च ऑफ इंग्लंडच्या आवारात जमीन चर्चच्या ताब्यात असते, पण दगड कायद्याने ज्याच्या नावाचा आहे त्याच्या वारसांचा. तीनशे वर्षांनी वारस सापडत नाहीत, आणि म्हणून दगड बेवारस ठरत नाही. तो हलवायचा, दुरुस्त करायचा तर बिशपच्या अखत्यारीतल्या न्यायाधिकाऱ्याची परवानगी लागते, तिला फॅकल्टी म्हणतात. स्थानिक पाद्रीसुद्धा ती आपल्या मनाने देऊ शकत नाही. शिवाय यांतली काही थडगी सरकारच्या संरक्षित वास्तूंच्या यादीत स्वतंत्रपणे नोंदलेली आहेत. नुसतं पाहायला आणि स्वतःपुरते फोटो घ्यायला कुणी हरकत घेत नाही. अंत्यविधी चालू असेल तर अर्थातच बाहेर थांबायचं.

जायचं कुठे, तर हिकलिंगपासून सुरुवात करा आणि एका दिवसात अप्पर आणि नेदर ब्रॉटन जोडा, तिन्ही जवळजवळ आहेत. त्यानंतरच्या पिढीची अक्षरं पाहायला लेस्टरमध्येच सेंट मेरी डी कॅस्ट्रोचं आवार आहे. दुसऱ्या एखाद्या दिवशी स्विदलँडला जा. तिथल्या सेंट लेनर्ड्स चर्चच्या कुंपणात सर जोसेफ डॅनव्हर्सची १७४५ ची स्लेटची कबर आहे, अर्धी आवाराच्या आत आणि अर्धी बाहेर. आपल्या लाडक्या कुत्र्यासोबत पुरलं जावं अशी त्याची इच्छा होती आणि कुत्र्याला पवित्र जमिनीत जागा नव्हती, म्हणून त्याने ही युक्ती काढली असं सांगतात. कबरीच्या बाजू गच्च कोरलेल्या आहेत, आणि ज्या खाणींतून हा दगड निघाला त्या तिथून चालत जाण्याच्या अंतरावर आहेत. खाणीच्या कुंपणापलीकडे जाऊ नका, पाणी खोल आहे.

मुलीसाठी जाड कागदाची वही आणि मऊ शिसपेन्सिल सोबत न्या. दगडापासून दोन हात लांब बसून तिला एकच चेहरा काढायला सांगा. पिसांच्या ओळी मोजायला सांगा, डोळ्यांची ठेवण पाहायला सांगा. मग शेजारच्या गावातला चेहरा काढायला सांगा. दोन चित्रं शेजारी ठेवली की हे एकाच हाताचं काम आहे की दोघांचं, ते तीच तुम्हाला सांगेल. सही नसलेल्या दगडांचे कारागीर आम्हीही असेच वेगळे काढतो.